पोयाच्या नराला नाव देण्याआधी

पोयाचा नर ज्या पोळ्याच्या तोंडाशी सापडला, त्या पोळ्याचं नाव त्याला लावायचं नाही. पोयाचे नर ओळखायला शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे सांगते. बाकीचं सगळं, म्हणजे सूक्ष्मदर्शक, पोटॅश, मोजमाप, त्याच्या मागून येतं.

पोया म्हणजे आपली डंखहीन मधमाशी. तीन-चार मिलिमीटरची, काळपट, जांभ्याच्या भिंतीच्या सांध्यात, जुन्या दाराच्या चौकटीत, झाडाच्या ढोलीत, कधी विजेच्या मीटरच्या पेटीत राहणारी. दारात राळेची बारीक नळी दिसली की आत पोया आहे असं समजायचं. मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. काजू मोहरायला लागला की मुलं काचेच्या छोट्या बाटल्या घेऊन येतात आणि बाटलीवर पेन्सिलीने लिहिलेलं असतं: ‘टेट्रागोन्युला इरिडिपेनिस, नर’. टेट्रागोन्युला हा वंश, इरिडिपेनिस ही त्यातली एक जात. म्हणजे जात ठरलेली, लिंग ठरलेलं, आणि आत बघावं तर निम्म्या कामकरी माश्या. मुलांचा यात दोष नाही, कारण हे मराठीत नीट सांगितलेलं कुठे सापडत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एकाच नावाखाली किती जणी

फ्रेडरिक स्मिथने १८५४ मध्ये सिलोनच्या नमुन्यांवरून इरिडिपेनिसचं वर्णन केलं. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं भारतातली जवळपास प्रत्येक लहान काळी पोया त्याच नावाने नोंदली गेली. रुफिकॉर्निस (१८७०) आणि बेंगालेन्सिस (१८९७) ही नावं कागदावर होती, पण ती वापरणारे थोडे. शोइची साकागामी या जपानी अभ्यासकाने १९७८ मध्ये आशियाच्या मुख्य भूमीवरच्या आणि श्रीलंकेतल्या टेट्रागोन्युलाची नव्याने मांडणी केली. २०१३ मध्ये क्लाउस रासमुसेनने भारतीय उपखंडातल्या सगळ्या डंखहीन माश्यांचा आढावा घेऊन जुने मूळ नमुने पुन्हा तपासले. गेल्या दशकात केरळ आणि कर्नाटकातूनही नव्या जातींची वर्णनं आली आहेत.

यातली मेख अशी की जुन्या जातींपैकी बऱ्याच फक्त कामकरी माशीवरून वर्णन केलेल्या आहेत. कामकरी माश्या एकमेकींसारख्या इतक्या की रंग आणि मापं एकमेकांत मिसळतात. फरक जास्त स्पष्ट दिसतो तो नरात, विशेषतः त्याच्या जननांगात. पण नर हाती आला तरी तो कोणत्या कामकरीचा भाऊ, हे कळल्याशिवाय त्या फरकाला नाव जोडता येत नाही. म्हणून नर ओळखणं म्हणजे नर आणि कामकरी यांची जोडी जुळवणं.

आधी तो नर आहे ना, ते बघा

बहुतेक खुणांना दहापट भिंग पुरतं, वीसपट असेल तर उत्तम. मी या क्रमाने बघते.

मिशा. नराच्या मिशीत तेरा भाग असतात, कामकरीच्या बारा. मुळाशी लांब दांडा, मग एक आखूड कांडं आणि पुढे नराला अकरा कांडी, कामकरीला दहा. मोजताना टोकाकडून मुळाकडे या, कारण मुळाजवळचं पहिलं कांडं आखूड असतं आणि उलट दिशेने आलं की ते नजरेतून सुटतं. नराची मिशी एकूण लांबट दिसते, पण मुळाचा दांडा कामकरीपेक्षा आखूड असतो.

मागचा पाय. कामकरीच्या मागच्या पायाची पोटरी रुंद, बाहेरून चकचकीत आणि खोलगट असते, आणि तिच्या कडेला ताठ केसांची झालर असते. ही परागाची टोपली. नराला टोपली नसते, पोटरी अरुंद असते. पायाला पराग किंवा राळेचा गोळा चिकटलेला दिसला तर ती कामकरी, पुढे बघायची गरज नाही.

नखं. ही खूण फार थोडे वापरतात आणि मला ती सगळ्यांत भरवशाची वाटते. नराचं नख टोकाला दुभंगलेलं असतं, कामकरीचं साधं, एकेरी. त्यासाठी चाळीसपट तरी मोठं करून बघावं लागतं, पण एकदा दिसलं की शंकेला जागा राहत नाही.

पोट. नराच्या पाठीकडून सात पट्ट्या दिसतात, कामकरीच्या सहा. अल्कोहोलमध्ये मेलेल्या नराच्या पोटाच्या टोकाला जननांग बऱ्याचदा थोडं बाहेर आलेलं असतं. त्याला चिमटा लावू नका, ते पुढे लागणार आहे.

आणखी एक प्राथमिक चाळण: माशी तीन मिलिमीटरपेक्षाही लहान वाटली, पंखांतल्या शिरा कमी आणि फिकट दिसल्या, तर ती लिसोट्रायगोना असू शकते. तो वेगळा वंश आहे. माणसांचे आणि जनावरांचे अश्रू पिणाऱ्या म्हणून थायलंडमध्ये नोंद झालेल्या माश्या त्यातल्याच. त्यांना बाजूला ठेवा.

थव्यातला नर कुणाचा

नर एरवी दिसत नाहीत. ते सहज हाती लागतात ते थव्यात. एखाद्या पोळ्यात नवी राणी मीलनासाठी तयार होत असली की त्या पोळ्याबाहेर, बरेचदा सकाळी ऊन चढल्यावर, नर जमतात. हवेत घिरट्या घालतात, जवळच्या पानांच्या टोकांवर, सुकलेल्या काटक्यांवर, वायरवर ओळीने बसतात. दाराच्या नळीतून आतबाहेर करतात त्या कामकरी. बाहेरच रेंगाळतात आणि आत जात नाहीत ते नर.

अशा वेळी भिंतीचे मालक आप्पा हमखास विचारतात, “ह्ये आमच्याच भितीतले मां गो?” त्यांचं विचारणं साहजिक आहे. पण उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. पोयाचा नर जन्मल्यावर काही दिवस पोळ्यात राहतो आणि मग बाहेर पडतो तो कायमचा. फुलांवर मध पितो, इकडेतिकडे रात्र काढतो आणि कुठल्या तरी परक्या पोळ्यासमोरच्या थव्यात सामील होतो. २००४ साली थायलंडमधल्या ट्रायगोना कॉलिना या डंखहीन माशीच्या थव्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा एकेका थव्यात अनेक पोळ्यांचे नर असल्याचं दिसलं. यात निसर्गाचा हिशोब आहे: राणी साधारणपणे एकाच नराशी मीलन करते, त्यामुळे तो नर तिचा भाऊ नसलेला बरा.

तेव्हा थव्यातून पकडलेल्या नरावर त्या भिंतीतल्या पोळ्याचं नाव लिहिलं तर तुम्ही परक्या घरचा नर या घरच्या कामकरीला भाऊ म्हणून जोडता. जवळच्या दोन जाती एकाच वाडीत नांदत असतील तर जोडीच चुकते, आणि त्या चुकीच्या जोडीवर पुढच्या माणसाची चित्रं आणि मापं उभी राहतात. फुलावर पकडलेल्या नराचंही तेच. तो कुठून आला हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही.

थव्यातले नर गोळा करू नका असं मी म्हणत नाही. जरूर करा, पण वेगळ्या बाटलीत, आणि ‘थव्यातून’ असं लिहून.

घरचे नर मिळवायचे कसे

खात्रीचा नर तोच, जो पोळ्याच्या आत, कोषातून बाहेर पडताना तुमच्या नजरेसमोर आला. त्यासाठी पोळं फोडत हिंडायची गरज नाही. पोया पाळणारे लोक वसाहतीची विभागणी करतात तेव्हा त्यांच्याशी बोलून ठेवा. पेटी किंवा मडकं उघडलं की आत अळ्या-कोषांच्या कोठ्या घोसाने लागलेल्या दिसतात, आणि त्यांच्या बाजूला मधाच्या आणि परागाच्या मोठ्या मडक्या. त्या घोसातला फिकट, पिवळसर झालेला भाग बघा. अळीने आत कोष विणला की कामकरी बाहेरचं मेण-राळेचं वेष्टण खरवडून नेतात आणि कोठी फिकट दिसू लागते. फिकट कोठी म्हणजे माशी बाहेर पडायच्या जवळ आलेली.

बोटाच्या पेराएवढा गुच्छ पुरे. तो काढताना मधाची किंवा परागाची मडकी फुटू देऊ नका. फुटलेल्या परागावर फोरिड नावाच्या बारीक माश्या अंडी घालतात आणि गुच्छही जातो, पोळंही धोक्यात येतं. मग त्याच पोळ्यातल्या दहा-बारा कामकरी, हवा जाईल असा लहान डबा, कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यावर थोडा मध. डबा सावलीत, घरात, माणसाला बरं वाटेल अशा उबेत ठेवा. उन्हाची तिरीप लागली तर काही मिनिटांत सगळं संपतं.

नर किती निघतील याचा भरवसा नाही. राणीची कोठी मोठी असते, ती ओळखता येते, पण नर आणि कामकरी यांच्या कोठ्या सारख्याच आकाराच्या असतात. म्हणजे नर आहे की नाही हे माशी बाहेर आल्यावरच कळणार. पोळं जोमात असेल आणि आसपास फुलोरा चांगला असेल तर शक्यता वाढते.

बाहेर आलेली माशी लगेच अल्कोहोलमध्ये टाकू नका. नवजात माशी फिकट, पिवळट-तपकिरी आणि मऊ असते. रंग पक्का व्हायला आणि कवच कडक व्हायला काही दिवस लागतात. तिला सोबतच्या कामकरींजवळच राहू द्या, त्या तिला खाऊ घालतात. घाई केली की मिशांचा तांबूसपणा, पोटाचा रंग, पायांचा रंग, सगळं खोटं दिसतं. जवळच्या जातींच्या वर्णनात हेच रंग वापरलेले असल्याने चूक थेट नावापर्यंत जाते.

पाळणाऱ्याला एक प्रश्न आवर्जून विचारा: या पेटीत गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या पोळ्यातली कोठी घातली होती का? कमजोर वसाहतीला दुसरीकडचा गुच्छ देण्याची पद्धत सर्रास आहे. अंड्यापासून माशी व्हायला साधारण दीड ते दोन महिने लागतात, म्हणून उत्तर ‘हो’ असेल तर तीन महिने थांबा. राणी बदलली असेल तरी तेच.

लेबल

कितीही सुंदर तयार केलेला नमुना लेबल नसेल तर वाया जातो. पेन्सिलीने, जाड कागदावर, बाटलीच्या आत. बाहेरची शाई अल्कोहोल पुसून टाकतं. माझ्या एका बाटलीतलं लेबल असं आहे:

‘कोषातून बाहेर आलेला, पाच दिवस ठेवलेला. पोळं भि–३, जांभ्याची भिंत, पश्चिमेकडची बाजू. ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग. सोबत भि–३ च्या कामकरी, वेगळी बाटली.’

त्याखाली तारीख, अक्षांश-रेखांश, उंची आणि गोळा करणाऱ्याचं नाव. पहिले तीन शब्द मुद्दाम सगळ्यांत वर आहेत. दहा वर्षांनी कुणी बाटली उघडली तर त्याला सर्वांत आधी तेच कळायला हवं. थव्यातला असेल तर तिथे ‘थव्यातून’, फुलावरचा असेल तर ‘फुलावरून’ आणि झाडाचं नाव.

अर्धे नर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, ते चिरफाडीसाठी मऊ राहतात. उरलेले ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये आणि शक्यतो फ्रीजमध्ये, ते डीएनएसाठी. एक-दोन सुकवून त्रिकोणी कागदाच्या टोकावर डिंकाने चिकटवा. एवढ्या लहान माशीच्या अंगातून टाचणी घालायची नसते, ती त्या कागदातून घालायची.

बाहेरून काय बघायचं

अल्कोहोलमधली माशी तशीच भिंगाखाली धरून केस बघू नका. ओले केस एकमेकांना चिकटतात. टिपकागदावर काढा, पूर्ण सुकू द्या, बारीक रंगाच्या ब्रशने हलकेच मोकळे करा. इरिडिपेनिसच्या गटात छातीच्या पाठीवर केसांचे उभे पट्टे आणि त्यांच्यामध्ये चकचकीत मोकळ्या पट्ट्या दिसतात. पट्टे किती ठळक आणि केस पांढरे, पिवळट की काळे, हे टिपून ठेवा. म्हाताऱ्या नराचे केस झिजलेले असतात, म्हणून थव्यातल्या नरावर ‘पट्टे नाहीत’ असं लिहिण्याआधी पंखांच्या कडा बघा. त्या फाटलेल्या असतील तर केसही गेलेलेच असणार.

चेहऱ्यावर मला सगळ्यांत उपयोगी वाटते ती गालाची जागा, म्हणजे डोळ्याची खालची कड आणि जबड्याचं मूळ यांमधलं अंतर. ते मिशीच्या जाडीशी ताडून बघायचं: मिशीइतकं, निम्मं, की जवळपास नाहीच. नराच्या आणि कामकरीच्या गालात फरक असतो, तेव्हा नराची तुलना नराशीच करा. मग मिशीचा रंग वरून आणि खालून वेगवेगळा, मागच्या पायाच्या पोटरीची लांबी-रुंदी, तिच्या पुढच्या कांड्याचा आकार, पंखाची लांबी. मागच्या पंखाच्या कडेला बारीक आकड्यांची रांग असते, टेट्रागोन्युलात साधारण पाच. पण त्यावरून वंश कळतो, जवळच्या जाती त्यावरून वेगळ्या होत नाहीत.

या सगळ्यावरून एक अंदाज येतो. निकाल द्यायला हे पुरत नाही.

जननांग काढणं आणि बघणं

हे काम अवघड वाटतं, पण हात बसला की माशीमागे काही मिनिटांचं आहे. सातेरी किंवा आग्याच्या नरावर हात बसवलेल्यांना इथे सुखद धक्का बसतो: त्या माश्यांच्या नराचं जननांग बहुतांशी मऊ, पातळ पडद्याचं असतं, पोयाच्या नराचं मात्र टणक तुकड्यांचं आणि स्पष्ट आकाराचं असतं. म्हणूनच ते जातीची खूण म्हणून कामाला येतं.

सामान साधं आहे. दोन बारीक चिमटे. कीटक टोचायच्या सगळ्यांत बारीक टाचणीचं टोक काचेवर दाबून वाकवलेला हूक, काडीच्या टोकाला बसवलेला. घड्याळाच्या काचेसारख्या खोलगट बशा. ग्लिसरीन. कॉस्टिक पोटॅशचं दहा टक्के द्रावण. पोटॅश त्वचा आणि डोळे जाळतं, हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय बाटलीला हात लावू नका. मुलं आसपास असतील तर हे काम घरी करूच नका.

नमुना सुकलेला असेल तर ओलसर कापूस घातलेल्या बंद डब्यात रात्रभर ठेवा, म्हणजे पोट लवचीक होतं. पोटाच्या टोकाशी शेवटच्या वरच्या आणि खालच्या पट्टीच्या मधून हूक आत घाला. जननांगाचा टणक भाग हुकाला लागला की सरळ मागे ओढा, पिळू नका. जमलं नाही तर पोटाचा मागचा निम्मा भाग कापून सगळाच पोटॅशमध्ये टाका, त्यात कमीपणा नाही. त्यामुळे पोटाखालच्या पट्ट्याही सुट्या मिळतात आणि त्या तुम्हाला लागणारच आहेत.

पोटॅशमध्ये गरम न करता, खोलीच्या तापमानाला ठेवा आणि दर तासाभराने बघा. स्नायू विरघळले, तुकडे तपकिरी आणि स्पष्ट राहिले की काढा. जास्त वेळ राहिलं तर सगळं काचेसारखं पारदर्शक होतं आणि कडाच दिसेनाशा होतात. तसं झालं तर क्लोराझोल ब्लॅक या रंगद्रव्याचा एखादा थेंब रंग परत आणतो. पाण्यात धुवा, मग पाण्यात व्हिनेगरचा थेंब टाकून पुन्हा धुवा, मग ग्लिसरीन.

आता बघायचं काय? दोन बाजूंना रुंद बूड, त्याला जोडलेल्या दोन लांबट दांड्या, त्यांना गोनोस्टायलस म्हणतात. मधोमध दोन वाकड्या, टोकदार पात्या, त्या पेनिस व्हॉल्व्ह. गोनोस्टायलस किती लांब, मुळाशी आणि टोकाशी जाडी तीच की टोकाला निमुळता, केस कुठून सुरू होतात आणि किती लांब. पेनिस व्हॉल्व्ह मुळाशी किती फुगीर, कुठे वळतो, टोक बारीक की बोथट. प्रत्येक नमुना वरून, खालून आणि बाजूने, तिन्ही दिशांनी बघा आणि तिन्ही चित्रं काढा. हाताने काढा. फोटोत जे नजरेआड होतं ते पेन्सिल धरल्यावर दिसतं, हा माझ्या मुलांचा अनुभव आहे.

इथे दोन सापळे आहेत. पहिला: दोन पात्यांमधलं अंतर आणि कोन. पात्या मूळ बिजागरीवर हलतात. मरताना कशा राहिल्या, तुम्ही कशा ओढल्या, यावर तो कोन ठरतो. ‘याचे व्हॉल्व्ह फाकलेले, त्याचे मिटलेले’ एवढ्यावरून दोन जाती करू नका. आकार बघा, ठेवण नव्हे. दुसरा सापळा काचपट्टी. जननांग काचपट्टीवर झाकणकाच ठेवून दाबलं की ते चपटं होतं आणि सगळी वळणं बदलतात. ग्लिसरीनमध्ये मोकळं ठेवूनच बघा.

पोटाखालच्या पट्ट्या मात्र सपाट करायला हरकत नाही. पाचवी, सहावी आणि सातवी पट्टी सुटी करा. प्रत्येकीची मागची कड मधोमध पुढे आली आहे का, ते टोक किती रुंद, दोन्ही बाजूंना खाच आहे का, केसांचे झुबके कुठे आहेत. बरेच जण जननांग बघून थांबतात. जवळच्या जातींत कधी जननांग सारखं वाटतं आणि फरक या पट्टीच्या कडेत असतो, म्हणून हा भाग सोडू नका.

काम झालं की सगळे तुकडे ग्लिसरीनच्या लहान कुपीत घालून त्याच माशीच्या टाचणीखाली लावा. माशी एका डब्यात आणि तिचं जननांग दुसऱ्या डब्यात असा संसार फार काळ टिकत नाही.

जुळवणी

एका पोळ्याचे निदान पाच नर बघा, दहा मिळाले तर फार चांगलं. एका नरावरून त्या पोळ्यात किती कमी-जास्त असतं ते कळत नाही. मग शेजारच्या दुसऱ्या, तिसऱ्या पोळ्याचे नर. आपापल्या पोळ्यात सारखे आणि दुसऱ्या पोळ्यापासून स्पष्ट वेगळे असे गट पडतात का, ते बघा. गटांना आधी गट अ, गट ब एवढंच म्हणा.

मोजमाप करताना सूक्ष्मदर्शकाची मोजपट्टी प्रत्येक भिंगासाठी वेगळी तपासून घ्या. निव्वळ लांबीपेक्षा गुणोत्तरं वापरा, कारण अन्न कमी असलेल्या हंगामात माश्या लहान निपजतात. पंखाच्या शिरांवर खुणा करून संगणकावर तुलना करणार असाल तर नर आणि कामकरी यांचे पंख एकत्र टाकू नका. लिंगातला फरकच मोठा येईल आणि जातींचा फरक त्यात झाकून जाईल.

गट पडले की प्रत्येक गटाच्या कामकरी बाहेर काढा. कोषातून आलेला नर आणि त्याच पोळ्याची कामकरी, ही जोडी आता तुमच्याकडे पक्की आहे. साकागामींच्या आणि त्यानंतरच्या वर्णनांशी ताडताना कामकरीवरून नाव शोधा, नरावरून ते पडताळा. दोन्हींचा ताळा बसला तरच नाव लिहा. नंतर थव्यातले नर घेऊन बसा आणि ते कोणत्या गटात जातात ते बघा. एकाच थव्यात दोन गट निघाले तर ती स्वतंत्र नोंद आहे, ती दडपू नका.

डीएनए कुठे उपयोगी पडतं

मधला एक पाय पुरतो, बाकी माशी नमुना म्हणून राहते. मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा सगळीकडे वापरला जातो. तो आईकडून येतो, म्हणून पोळ्यातले सगळे नर आणि कामकरी त्या बाबतीत सारखे असतात. थव्यातल्या नराचा तुकडा भिंतीतल्या कामकरीपेक्षा वेगळा निघाला तर तो नर त्या घरचा नाही, हे पक्कं. सारखा निघाला तर मात्र तो त्या घरचाच असं सिद्ध होत नाही, एकाच गावात अनेक पोळ्यांचा तुकडा सारखा असू शकतो. पुष्कळ अहवालांत हा दुसरा अर्थ काढलेला असतो आणि तो चूक आहे.

नराचा आणखी एक फायदा. तो बिनफलित अंड्यातून येतो, त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो. त्यामुळे केंद्रकातल्या जनुकाचं वाचन स्वच्छ येतं, दोन प्रतींचा गोंधळ नसतो. एखाद्या नरात अशा जनुकांत दोन-दोन अक्षरं एकाच जागी दिसली तर तो दुहेरी संचाचा नर असू शकतो. जवळच्या नात्यात प्रजनन झालं की असे नर निपजतात, आणि थोड्याच वसाहतींतून वाढवलेल्या पेट्यांत त्यावर लक्ष ठेवायला हवं. शरीररचनेच्या तुलनेत त्याची मापं धरू नका.

डीएनए आणि जननांग यांचं जमत नसेल तर दोन्ही पुन्हा करा. माझा कल अशा वेळी जननांगाकडे असतो, कारण डीएनएच्या संग्रहांत इरिडिपेनिस नावाने साठवलेल्या नोंदींत कुणी कोणती पोया घातली आहे याची खात्री देता येत नाही.

नाव कधी लिहायचं

कामकरी, नराचं जननांग आणि पोटाच्या पट्ट्या, हे तिन्ही एका वर्णनाशी जुळले तर नाव लिहा. दोनच जुळले तर ‘टेट्रागोन्युला, इरिडिपेनिसजवळची’ असं लिहा. फक्त थव्यातला नर असेल तर ‘टेट्रागोन्युला, नर, गट ब’ एवढंच. मुलांना हे लिहायला जिवावर येतं, प्रकल्पात जातीचं नाव नसेल तर गुण जातील असं त्यांना वाटतं. मी परीक्षकांना आधीच सांगून ठेवते की मला अशाच नोंदी हव्या आहेत.

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात काहीही गोळा करायचं तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या. देवराईत गावाला विचारल्याशिवाय ढोलीला हात लावू नका. नमुने परदेशात तपासायला पाठवायचे असतील तर जैवविविधता कायदा, २००२ खालची मंजुरी लागते, नुसतं टपालात टाकून चालत नाही. तपासून झालेले नमुने, नर आणि त्याच पोळ्याच्या कामकरी एकत्र, पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे जमा करण्याबद्दल त्यांच्याशी बोला. सोबत तुमची तिन्ही बाजूंची चित्रं द्या, आणि पोळं अजून भिंतीत आहे की भिंत पाडली गेली, तेही लिहून द्या.